चिंचेला गाठी का नसतात?



अध्यक्षानं आधी विषयाची थोरवी गावी, मग मुद्द्यावर यावं, असा रिवाज आहे. मी मुद्दाच सोबत आणलाय. टेबलावरचं हे मुगाचं रोप पेरून महिना झालेल्या, इथल्याच एका रानातलं आहे. खुरप्यानं मातीसकट काढलं, कारण उपटलं असतं तर दाखवायचं तेच जमिनीत राहिलं असतं.

मुळांवर या गाठी दिसतात. काही जण घाबरतात, सूत्रकृमी म्हणतात. वांग्या-टोमॅटोवरची सूत्रकृमीची गाठ म्हणजे सुजलेलं मूळच, ती नखानं सुटत नाही. ही सुटते. फोडली की आत गुलाबी. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. आतले रायझोबियम जिवाणू ज्या विकराच्या बळावर हवेतला नत्र बांधतात, त्याला प्राणवायू सोसत नाही. पण जिवाणूंना श्वासासाठी तोच लागतो. लेगहिमोग्लोबिन तो मोजूनमापून पोचवतं. गाठ आतून हिरवट किंवा राखाडी निघाली, तर काम थांबलंय असं समजा.

हेलरिगेल नावाच्या जर्मन संशोधकानं १८८६ साली बर्लिनच्या सभेत सांगितलं, की कडधान्यांना नत्र मिळतो तो या गाठींमुळे. पारनेरचे सेनापती बापट तेव्हा सहा वर्षांचेही नव्हते. डाळीच्या पिकानं जमीन सुधारते हे शेतकऱ्याला कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. कारण मात्र तेव्हा कळलं.

आता खरी गंमत. नत्राची उपासमार झाली की मूळ मातीत फ्लेव्होनॉइड सोडतं. ओळखीचा जिवाणू उत्तरादाखल एक रेणू पाठवतो, नॉड फॅक्टर. त्याची रचना १९९० मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला उलगडली. उत्तर पटलं तर मुळावरचा केस वाकतो आणि जिवाणूला आत घेतो. हरभऱ्याचा जिवाणू मुगाला चालत नाही तो यामुळेच. म्हणून जिवाणू-संवर्धनाच्या पाकिटावरचं पिकाचं नाव वाचा, किलोला २५ ग्रॅम संवर्धन गुळाच्या पाण्यातून चोळा, बियाणं सावलीत सुकवा. (मी एकदा अशी पाकिटं दुपारभर उन्हात गाडीत विसरलो होतो. वनस्पतिशास्त्राची पदवी त्या दिवशी काही कामाला आली नाही.)

१९९९ मध्ये लोटस जॅपोनिकस या छोट्या शेंगवर्गीय वनस्पतीत निन नावाचं जनुक सापडलं. ते मोडलं, तर गाठ बनतच नाही. त्याचं कूळ जमिनीतल्या नायट्रेटची दखल घेणाऱ्या जनुकांचं. २०१९ मध्ये दिसलं, की ते उपमुळं फुटण्याचाच जुना कार्यक्रम वापरतं. म्हणजे गाठीसाठी झाडानं सगळं नव्यानं उभारलं नाही. घरातलीच अवजारं दुसऱ्या कामाला लावली.

आणि हिशेबही ठेवला. नत्राचा एक रेणू बांधायला किमान सोळा एटीपी, म्हणजे पेशीतली ऊर्जेची नाणी, खर्ची पडतात, आणि त्यासाठीची साखर पानांनी पुरवायची. म्हणून गाठी पुरेशा झाल्या की मुळाकडून सीएलई नावाची छोटी प्रथिनं वर जातात आणि पानांकडून 'बस' असा निरोप खाली येतो. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियात सोयाबीनची अशी वाणं निपजवली, की ज्यांच्यात हा निरोपच पोचत नव्हता. मुळं गाठींनी लगडली, पण झाडं खुरटली.

आता झाडाच्या बुंध्याकडे वळा. सालीखाली कॅम्बियमचा पातळ थर असतो. त्याच्या पेशी किती विभागायच्या, बुंधा किती जाड व्हायचा, यावर याच सीएलई घराण्यातल्या प्रथिनांचा अंमल चालतो. मुगाच्या गाठी मोजणारा आणि बाभळीच्या खोडाची वाढ मोजणारा, दोघं एकाच लिपीतला मजकूर वाचत असतात. आपल्या विद्यापीठांतून या दोघांचे विभाग एकमेकांच्या दारातही जात नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

मग चिंच. शेंगा धरते, पण मुळांवर गाठी नाहीत. बहावा, आपटा, टाकळा यांनाही नाहीत. बाभळीला आणि हिवराला मात्र आहेत. सुरू तर शेंगवर्गातलाही नाही, तरी फ्रँकिया या वेगळ्या जिवाणूशी त्याची गट्टी आहे. २०१८ मध्ये अनेक वनस्पतींचे जनुकसंच शेजारी मांडून पाहिले, तेव्हा गाठी न धरणाऱ्या कित्येकांत निन एकतर गायब होतं, नाहीतर मोडलेलं. त्यातून एक मत बळावलं: गाठींचा वारसा एकदाच आला आणि पुढं अनेक कुळांनी तो सोडून दिला. का सोडला असेल? माझा अंदाज असा, की जिथं नत्र सहज मिळाला किंवा जिवाणू फुकटे निघाले, तिथं हा व्यवहार परवडेना.

म्हणून 'बाजरीला गाठी आणू, युरियाची गोणीच बंद' असं कुणी म्हणालं की मी जरा थांबतो. संशोधन जोरात आहे आणि ते व्हायलाच हवं. पण जिवाणूला दार उघडून देणारी जनुकं बसवणं त्यातल्या त्यात सोपं. साखरेचा हिशेब, 'बस' म्हणणारा निरोप, प्राणवायूची मोजदाद हे सगळं बाजरीला कोण शिकवणार?

तोवर तुमच्यासाठी जवळचं काम आहे. राळेगणसिद्धी आपल्या याच पारनेर तालुक्यातलं. तिथल्या कुऱ्हाडबंदीनं झाडं राखली गेली. अशा राखलेल्या माळावर हिवराची आणि टाकळ्याची रोपं शेजारीशेजारी उगवलेली शोधा. दोन्ही खणा, मुळं धुवा, गाठी मोजा, फोडून रंग लिहून ठेवा. पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर पुन्हा. वह्या मला पाठवा.

हे रोप इथंच ठेवतो. चहाच्या वेळी ज्याला फोडून बघायचं असेल त्यानं बघावं; खुरपं मात्र परत द्यायचंय, ते शेतमालकाचं आहे.