पाटीवर उभा माणूस
(शारदीय व्याख्यानमाला, सास्तूर येथील व्याख्यान)

मंडळी, हे व्याख्यान काल होणार होतं, पावसामुळे आज होतंय. विषय रखडलेल्या रस्त्यांचा आणि रेल्वेचा आहे, तेव्हा एका दिवसाच्या उशिराबद्दल संयोजकांना कुणी बोल लावू नये. आपल्या जिल्ह्याच्या मानाने ही फार चपळाई झाली. थट्टा सोडून सांगतो, तिकडे परंडा-भूम भागात २०२५च्या पुराने शेतातली माती खरवडून नेली, पूल पाण्याखाली गेले, माणसं छपरांवरून काढावी लागली. पूल कधी बांधला, किती उंच बांधला, की बांधायचाच राहिला, हे अशा रात्री कळतं.

आणि रात्रींबद्दल सास्तूरला मी काय सांगावं? ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंपात सगळं संपलं. त्यावर बोलायला मी आलेलो नाही, तो अधिकार तुमचा. मला त्याच्या पुढच्या चार-पाच वर्षांकडे बघायचंय. लातूर आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद, मिळून ५२ गावं जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी बसवली. जमीन शोधली, मोजली, शेतकऱ्यांकडून घेतली. आखणी झाली, घरं उभी राहिली, वाटली गेली. जागतिक बँकेचं कर्ज होतं, संस्था होत्या, देणगीदार होते. सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. गल्ल्या नको इतक्या रुंद झाल्या, भावकी विखुरली, गुरं बांधायची कुठं हे विचारायचं राहिलं. पण गावंच्या गावं उभी राहिली, आणि बरंचसं काम १९९८च्या आसपास उरकलेलं होतं.

मी बांधकामातला माणूस. आयुष्यभर मोजमाप पुस्तिका भरल्या. त्यामुळे मला एक प्रश्न सुटत नाही. तीच तहसील, तेच मोजणीदार, तेच सातबारे, तोच मावेजा. मग ५२ गावं हलवणाऱ्या व्यवस्थेला एक सरळ रस्ता वीस-वीस वर्षं का पुरतो?

थोडं मागे जाऊ. बार्शी लाइट रेल्वे तुमच्यातल्या पांढऱ्या केसांना आठवत असेल. अडीच फुटी रुळांवरची ती गाडी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९५मध्ये कंपनी काढली आणि १८९७मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, गाडी धावली. दोन वर्षांत! हे उदाहरण देऊन लोक लगेच म्हणतात, इंग्रज बरे होते. जरा थांबा. तीच गाडी निजामाच्या हद्दीतल्या लातूरला पोचायला १९११ साल उजाडलं. आणि तेव्हा ज्याची जमीन जायची त्याला विचारत कोण होतं? शेतकऱ्याने नाही म्हणायचं आणि सरकारने ऐकून घ्यायचं ही गोष्ट आपण स्वातंत्र्याबरोबर मिळवली. त्यात वेळ जात असेल तर जाऊ दे. शक्तिपीठ महामार्गाला गावोगाव विरोध होतोय. त्या विरोधाला विलंब म्हणू नका, ते म्हणणं आहे, आणि ते मोजणीच्या आधी ऐकायचं असतं.

ती छोटी गाडी येडशीवरून जायची. जिल्ह्याचं गाव बाजूलाच राहायचं. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला, तेव्हा कुठे जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे लागली. साल २००७-०८. देशात पहिली प्रवासी आगगाडी १८५३ला बोरीबंदर ते ठाणे धावली, तिथून हिशेब करा.

आता शेजारच्या बीडकडे बघा. अहमदनगर-बीड-परळी, २६१ किलोमीटरचा मार्ग. १९९५च्या सुमारास मंजूर झाला, तेव्हाचा अंदाज ३५३ कोटींचा. म्हणजे किलोमीटरला एक कोटी पस्तीस लाखांच्या आसपास. पुढे हा आकडा ४,८०० कोटींच्या वर गेला, म्हणजे किलोमीटरला अठरा कोटींहून जास्त. रुपया स्वस्त झाला, जमिनीला रास्त भाव मिळू लागला, हे त्यातून वजा करा. तरी उरतं ते नुसतं थांबण्याचं भाडं. २०१७ला नगरहून नारायणडोहपर्यंत, २०२२च्या सप्टेंबरात आष्टीपर्यंत आणि २०२५च्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडपर्यंत गाडी आली. गोपीनाथ मुंडे या मार्गासाठी झगडले, ते २०१४मध्ये गेले. बीडच्या स्टेशनात त्या दिवशी लोक गाडीला हात लावून बघत होते म्हणतात. तीस वर्षांनी आलेल्या पाहुण्याला माणूस दुसरं काय करणार? परळी अजून पुढेच आहे.

आणि आपली गाडी? सोलापूर-तुळजापूर-धाराशिव, ८४ किलोमीटर. ९ जानेवारी २०१९ला पंतप्रधानांनी सोलापुरात घोषणा केली, खर्च नऊशे कोटींच्या घरात. मग निम्मा वाटा राज्याने द्यायचा की नाही, यावरच वर्षं गेली. आताच्या नवरात्रातही भवानीला निघालेला माणूस एसटीने, जीपने नाहीतर पायी चाललाय. पायी चालणाऱ्याची श्रद्धा आहे, त्याला मी काही म्हणत नाही. पण श्रद्धेने चालणं वेगळं आणि गाडी नाही म्हणून चालणं वेगळं.

काम अडतं कुठे ते माझ्या अनुभवातून सांगतो. लोकांना वाटतं, पैसा नाही म्हणून अडतं. अडतं, पण ते बहुतेक शेवटी, ठेकेदाराची बिलं थकतात तेव्हा. पहिली खोट क्रमात असते. आधी घोषणा, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश आणि सगळ्यात शेवटी जमीन. हे म्हणजे पंगत बसवून मग चूल मांडण्यासारखं झालं. जमीन तुकड्यातुकड्याने ताब्यात येते, मग रस्ताही तुकड्यातुकड्याने होतो. इकडे तीन किलोमीटर गुळगुळीत, मग मुरमाचं वळण, मग एक पूल ज्याला दोन्हीकडे रस्ताच नाही. विजेचे खांब एका खात्याचे, पाण्याची पाइपलाइन दुसऱ्याची, झाडं तिसऱ्याची. प्रत्येकाचा अंदाज वेगळा, प्रत्येकाची मंजुरी वेगळी. तोवर मुदत संपते, मुदतवाढ मिळते, दर वाढतात, सुधारित मान्यतेची फाईल निघते. ती फाईल फिरून येईतो पुन्हा दर वाढलेले असतात.

एका तालुक्यात, नाव सांगत नाही, माझ्याकडचा रस्ता चारशे मीटरसाठी अडला होता. पाच वर्षं. गटात सात वारस, एक पुण्याला, एक वारलेला, फेरफार झालेला नाही. पोटहिस्से कागदावर नाहीत, रानात मात्र बांध घातलेले. मधे एक विहीर. तिचं मूल्यांकन कुणी करायचं यावर दोन कार्यालयांत पत्रं चाललेली. मी एकदा त्या वारसांतल्या एका म्हाताऱ्याच्या वस्तीवर गेलो आणि जरा ताठ्यातच म्हणालो, ‘‘बाबा, तुमच्यामुळं सगळ्या तालुक्याचा रस्ता अडलाय.’’ त्याने मला आधी पाणी दिलं. मग म्हणाला, ‘‘सायेब, रस्ता माझ्यामुळं अडला म्हणता. मग माझा मावेजा कुणामुळं अडलाय, त्येचं नाव सांगा की.’’ मी चहा न घेता उठलो. उत्तर नव्हतं.

समृद्धी महामार्ग बघा. ७०१ किलोमीटर, २०१५ची घोषणा, जून २०२५मध्ये पूर्ण खुला. त्यावरही वाद झाले, उशीरही झाला. पण बऱ्याच ठिकाणी थेट खरेदी केली आणि पैसे पटकन खात्यात जमा झाले. दुसरीकडे मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल-इंदापूरचं रुंदीकरण २०११मध्ये सुरू झालं आणि आजही कोकणी माणूस गणपतीला जाताना खड्डे मोजतो. त्याच कोकणात रेल्वे मात्र १९९० ते १९९८ या आठ वर्षांत झाली, सह्याद्री फोडून. डोंगर तोच, पाऊस तोच. फरक इतकाच की रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ होतं, श्रीधरन नावाचा एक माणूस उत्तर द्यायला बांधील होता आणि जाब विचारायचा तर कुणाला, हे सगळ्यांना माहीत होतं.

आता सास्तूरच्या प्रश्नाकडे परत येतो. १९९३ नंतर काम झालं, कारण वाट बघणारी माणसं दिसत होती. ती पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती, त्यांची यादी होती, त्यांचे फोटो जगभर गेले होते. रस्त्याची वाट बघणारा असा एका जागी दिसत नाही. तो पाटीवर, म्हणजे गावच्या फाट्यावर, उभा असतो. बाळंतपणाला निघालेली लेक जीपमध्ये असते. कॉलेजची पोरगी एसटी चुकली की घरी परतते, आणि दोन वर्षांनी तिचं शिक्षणच सुटलेलं असतं. टोमॅटोचं कॅरेट खड्ड्यात आदळून निम्मं खराब होतं, ते व्यापारी भावातून कापतो. उमरग्याकडच्या हायवेवर वळण रस्त्याच्या धुळीत ज्याचा मुलगा गेला, त्याच्या घरी नुसता फोटो असतो. मी इतक्या मोजमाप पुस्तिका भरल्या. त्यांत खडीचा घनमीटर होता, डांबराचा टन होता. या माणसांसाठी एकही रकाना नव्हता. प्रकल्पाला उशीर झाला की खर्च किती वाढला ते छापून येतं. पाटीवरच्या माणसाचे किती तास गेले, ते कुणी मोजलेलं मी पाहिलं नाही.

म्हणून मी आज एक वही आणली आहे, दोनशे पानी, वाण्याकडची. जाताना तीत लिहा. नाव नको. कुठली पाटी, किती वाजता उभे राहिलात, गाडी किती वाजता आली, एवढंच. महिनाभर वही इथल्या वाचनालयात ठेवा. मोजणी माझ्याकडे द्या, तेवढं अजून येतं.

अध्यक्ष घड्याळ बघताहेत. माकणीकडची मंडळी केव्हाची मागे उभी आहेत, त्यांची गाडी असेल. असेल ना?