ढग वाजले की कुत्रं कुठे जातं?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी तर ऐकाच. आणि घरी नाही, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन-चार आहेत, त्यांनीही ऐका. शेवटी त्यांच्यासाठी एक काम ठेवलंय.

विषय आहे गडगडाटाची भीती. आमच्या पुण्याकडे जुलैचा पाऊस तसा गुणी. रिपरिप पडत राहतो, आरडाओरडा कमी. खरा धिंगाणा एप्रिल-मेच्या वळवाचा आणि परतीच्या पावसाचा. दुपारी आभाळ भरून येतं, वारा सुटतो आणि कुत्रं गायब! पलंगाखाली नाहीतर बाथरूममध्ये. परतीचा पाऊस जातो न जातो तोच दिवाळीचे फटाके.

आमची भुरी देशी कुत्री, सात वर्षांची. बसला भीत नाही, म्हशीला भीत नाही. पण लांब कुठेतरी ढग वाजला की थरथर, धापा, लाळ. एका मे महिन्यात आम्ही सगळे कामावर होतो. तिने बाहेर पडायला दार इतकं ओरबाडलं की दोन नखं तुटली, फरशीवर रक्त. तेव्हा घरात सगळ्यांनाच कळलं, हे नखरे नाहीत.

तरी आजीचं म्हणणं होतं, "चुचकारू नकोस गं, लाडावेल." हे बऱ्याच घरांत ऐकू येतं. पण बघा, लाडावतं ते वागणं. भीती ही भावना आहे. तुम्ही लिफ्टमध्ये अडकलात आणि बाहेरून कुणी म्हणालं, "मी इथेच आहे", तर पुढच्या वेळी तुम्ही मुद्दाम जास्त घाबराल का? नाही ना? मग ती जवळ आली तर घ्या जवळ. शांतपणे हात फिरवा. नको असेल तर सोडून द्या. रागावणं मात्र अजिबात नको. त्याने भीती जात नाही, उलट आता तुमचीही भीती वाटायला लागते.

आता पाऊस आल्यावर करायचं काय? कुत्र्याने स्वतः निवडलेली जागा त्याची. बाथरूम तर बाथरूम. ओढून बाहेर काढू नका. तिथेच जुनी चादर टाका, पाणी ठेवा, दार उघडं ठेवा. खिडक्या लावा, पडदे ओढा म्हणजे विजेचा लखलखाट दिसणार नाही. पंखा, टीव्ही चालू ठेवा. आणि घराचं मुख्य दार नीट बंद! घाबरलेलं कुत्रं वाट फुटेल तिकडे पळतं. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवाच.

फोन हातात असतोच, तर 'दामिनी' ॲप घ्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने बनवलंय. जवळपास वीज पडत असेल तर सूचना देतं. आहे माणसांच्या सुरक्षेसाठी, पण मी त्यावर भुरीचं फिरणं ठरवते. आभाळ बिघडायच्या आत तिची शी-शू उरकून घेते.

आता खाऊ. इथे क्रम महत्त्वाचा. आधी गडगडाट, लगेच मागून उकडलेल्या चिकनचा तुकडा. मीठ-मसाला नाही. उलटं केलंत, म्हणजे आधी चिकन आणि मग ढग, तर डबा वाजला की कुत्र्याला वाटणार, आता आवाज होणार! खात नसेल तर भीती फार वाढलीय असं समजा. आग्रह नको.

पण खरी मेहनत आभाळ गप्प असताना, डिसेंबर-जानेवारीत. गडगडाटाचं रेकॉर्डिंग फोनवर अगदी बारीक आवाजात लावायचं. इतकं बारीक, की तिने फक्त कान टवकारावेत. आवाज आला की पनीर. आवाज बंद, पनीर बंद. रोज पाच मिनिटं. काही आठवड्यांत आवाज थोडा-थोडा वाढवायचा. ती जिभल्या चाटायला लागली, अंग चोरायला लागली, की लगेच एक पायरी मागे. रेकॉर्डिंगमध्ये वारा नसतो, लखलखाट नसतो, त्यामुळे खऱ्या पावसात फरक थोडा कमीच दिसतो. पण दिसतो.

एवढं करूनही कुत्रं स्वतःला इजा करून घेत असेल, तर व्हेटकडे जा. भीती कमी करणारी औषधं असतात आणि ती देण्यात कमीपणा काही नाही. पण घरातली माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देऊ नका. डोस व्हेटच ठरवणार. त्यांना हेही विचारा, की या औषधाने भीती कमी होते की नुसतं अंग सुस्त होतं? एसप्रोमाझिन एकटंच दिलं तर कुत्रं निपचित पडतं, पण आत भीती तशीच राहू शकते.

अजून एक. आधी कधी न घाबरणारं कुत्रं मोठ्या वयात अचानक आवाजाला घाबरायला लागलं, तर सांधे-पाठ तपासून घ्या. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आवाजाची भीती आणि अशा दुखण्याचा संबंध दिसला होता. आवाजाने दचकून अंग आखडतं, दुखरी जागा अजून दुखते, आणि मग त्या आवाजाचीच धास्ती बसते.

भुरी बरी झाली का? पूर्ण नाही. अजूनही थरथरते. पण पूर्वी पाऊस थांबल्यावर दोन-दोन तास बाहेर यायची नाही, आता वीसेक मिनिटांत येऊन पाणी पिते. मी हीच वेळ फोनमध्ये लिहून ठेवते. तुम्हीही लिहा. प्रगती तिथेच दिसते. आणि बाथरूमच्या दाराशी स्टूल टाकून पनीरची वाटी घेऊन कोण बसतं? आजी!

आता पार्किंगवाल्यांचं काम. वळीव आला की तुमच्या जिन्याखाली एखादं कुत्रं अंग चोरून बसलेलं दिसेल. त्याला तासभर बसू द्या. हात लावायला जाऊ नका, घाबरलेलं कुत्रं चावू शकतं. फक्त हाकलू नका. वॉचमनकाकांनाही सांगून ठेवा. आभाळ मोकळं झालं की ते आपलं आपण जाईल.

तुमचं कुत्रं कुठे लपतं, ते मला व्हॉइस नोट करून कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!