क्रमांक एक, चिपा दोन



 अध्यक्षपदाच्या खुर्चीवरून व्यवसायाच्या भवितव्याबद्दल बोलायचा प्रघात आहे. तो आज मी मोडणार आहे. भवितव्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. ज्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यातला एकच बारीक पण चिवट प्रश्न मी मांडतो. बोर्डावर फ्लॅश मेमरीची चिप असते. वीज आली की ड्रायव्हर तिला विचारतो, 'तू कोण?' ती दोन-चार बाइटांत उत्तर देते. दोन वेगळ्या चिपांनी तंतोतंत एकच उत्तर दिले, तर ड्रायव्हरने काय करायचे?

सभागृहातले सगळेच काही ड्रायव्हर लिहीत नाहीत, म्हणून आधी थोडा खुलासा. घरातला राउटर, सेट-टॉप बॉक्स, संगणकातली बायोसची चिप, इथे बहुतेक ठिकाणी एसपीआय नॉर फ्लॅश असते. ड्रायव्हर तिला ९एफ हा आदेश पाठवतो. आजच्या भाषणातले बाइट आणि आदेश सोळाच्या पायावरचे आहेत, एवढे ध्यानात ठेवा. मॅक्रोनिक्सची २५६ मेगाबिटची चिप उत्तर देते: सी२, २०, १९. सी२ म्हणजे मॅक्रोनिक्स, २० म्हणजे मेमरीचा प्रकार. १९ म्हणजे दशमानातले २५. दोनाचा पंचविसावा घात ३,३५,५४,४३२, म्हणजे ३२ मेगाबाइट. ड्रायव्हर आपल्या तक्त्यात ही तीन बाइटांची ओळ शोधतो आणि तिच्यापुढे लिहिलेले गुणधर्म खरे धरून कामाला लागतो.

इथेच पहिली ठेच लागते. उत्पादकांना क्रमांक देण्याचे काम जेडेक ही मानकसंस्था करते. तिच्या यादीला जेईपी१०६ म्हणतात. क्रमांक एका बाइटाचा, त्यातला एक बिट पॅरिटीसाठी. उरलेल्या सात बिटांत १२८ जागा, त्यांतून शून्य आणि ७एफ वगळले की १२६. जगात चिपा करणारे १२६ पेक्षा कितीतरी जास्त. म्हणून यादीचे गट पाडले. दुसऱ्या गटातल्या कंपनीने आधी एकदा ७एफ म्हणायचे, तिसऱ्या गटातलीने दोनदा, आणि मग आपला क्रमांक सांगायचा. कागदावर सोय चोख आहे. प्रत्यक्षात बऱ्याच फ्लॅश चिपा ७एफ गाळून थेट क्रमांक सांगतात. फ्लॅशरॉम हे चिपा वाचण्या-लिहिण्याचे मुक्त साधन आपल्यापैकी अनेकांनी वापरले असेल. त्यात इऑन या कंपनीची नोंद दोनदा आहे, एकदा ७एफ धरून आणि एकदा सोडून. लिनक्सच्या तक्त्यात आयएसएसआयच्या काही चिपा ७एफ, ९डी अशा सुरू होतात, तर काही थेट ९डीने.

गट गळला की आडनाव गळाले. जेईपी१०६ च्या पहिल्या गटात सी८ हा क्रमांक ॲपल कॉम्प्युटरच्या नावावर आहे. फ्लॅशच्या बाजारात सी८ म्हटले की गिगाडिव्हाइस समजतात. आणि ईएसएमटी या कंपनीच्या काही एसपीआय नँड चिपाही सी८ च सांगतात. लिनक्समध्ये त्यासाठी सी८ या एकाच बाइटाखाली दोन उत्पादकांचे तक्ते ठेवावे लागले आहेत. एकात पुढचा बाइट जुळला नाही तर दुसरा तक्ता पाहायचा. पुढचा बाइटही जुळला, तर जो तक्ता आधी, त्याचे म्हणणे खरे.

कंपन्यांची खरेदी-विक्री होते, क्रमांक मात्र जागचा हलत नाही. यादीतला ०१ एएमडीचा. एएमडीच्या फ्लॅश व्यवसायातून स्पॅन्शन उभी राहिली, ती २०१५ मध्ये सायप्रसमध्ये विलीन झाली आणि २०२० मध्ये सायप्रस इन्फिनियनने घेतली. एस२५एफएल घराण्यातल्या चिपा तरीही ०१ च सांगत राहिल्या. उत्पादकाच्या बाइटावरून आजचा मालक कळतो, असे समजणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा.

पण परक्यांशी होणारी गल्लत त्या मानाने सोपी. खरा त्रास घरातल्या घरात होतो. मघाशी सांगितलेले सी२, २०, १९ हे उत्तर मॅक्रोनिक्सच्या दोन चिपा देतात: एमएक्स२५एल२५६३५ई आणि एमएक्स२५एल२५६३५एफ. नावात शेवटच्या एका अक्षराचा फरक. तो चिपेच्या पाठीवर छापलेला असतो, ड्रायव्हरला दिसत नाही.

या एका अक्षराने काय बिघडते ते नीट पाहू. तीन बाइटांचा पत्ता १,६७,७७,२१६ बाइटांपर्यंत, म्हणजे १६ मेगाबाइटपर्यंतच पोहोचतो. पुढच्या सोळा मेगाबाइटांना चार बाइटांचा पत्ता हवा, आणि त्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली वाट अशी की बी७ आदेश देऊन चिपेलाच चार बाइटांच्या अवस्थेत न्यायचे. तिथून पुढे ती प्रत्येक पत्ता चार बाइटांचा मानते. दुसरी वाट वेगळ्या आदेशांची: वाचायला १३, लिहायला १२. या आदेशांबरोबर पत्ता चार बाइटांचाच येतो, चिपेची अवस्था बदलत नाही. एफ आवृत्तीला दोन्ही वाटा येतात, ई आवृत्तीला फक्त पहिली.

आता समजा, चिप चार बाइटांच्या अवस्थेत आहे आणि वॉचडॉगने प्रोसेसर रिसेट केला. चिपेची वीज गेलेली नाही, तिची रिसेटची तारही जोडलेली नाही. प्रोसेसरमधला बूटरॉम जन्मापासून तीन बाइटांचाच पत्ता पाठवतो. चिप चौथ्याची वाट पाहते. पुढचे सगळे एका बाइटाने सरकते, आणि बोर्ड उठत नाही. वीज काढून पुन्हा दिली की बोर्ड ठणठणीत, म्हणून प्रयोगशाळेत दोष सापडतही नाही. लिनक्समध्ये अशा बोर्डांसाठी डिव्हाइस ट्रीत वेगळी खूण करण्याची सोय आहे. ती लावली की ड्रायव्हर बजावतो, अचानक रिबूट झाल्यास बोर्ड सावरेलच असे नाही. एफ चिप बसवली असताना हे सगळे टाळता येते. पण ड्रायव्हरला ती एफ आहे हे कळले तर!

२०१८ मध्ये लिनक्सच्या ड्रायव्हरकारांनी यावर तोडगा काढला. २०११ मध्ये जेडेकने जेईएसडी२१६ हे मानक आणले होते. त्याप्रमाणे चिपेच्या पोटातच तिच्या गुणांचा तक्ता असतो. ५ए आदेशाने तो वाचायचा. त्याला एसएफडीपी म्हणतात. आदेश, पत्ता आणि माहिती तिन्ही चार-चार तारांवरून घेणारे जलद वाचन एफ चिप या तक्त्यात कबूल करते, ई करत नाही. या खुणेचा चार बाइटांच्या पत्त्याशी काडीचाही संबंध नाही. पण दोघींना वेगळे ओळखायला तीच हाताशी होती. ड्रायव्हरने ती वापरली आणि कारण शेजारी टिपणात लिहून ठेवले. मला या कामातली चतुराई आवडते, आणि त्याहून जास्त ते टिपण आवडते. कारण लिहिले नसते, तर ही अट निरर्थक म्हणून पुढच्या कोणीतरी काढून टाकली असती.

विनबाँडचा अनुभव अधिक बोलका आहे. डब्ल्यू२५क्यू२५६ च्या एफव्ही आणि जेव्ही या दोन आवृत्त्यांचा क्रमांक एकच: ईएफ, ४०, १९. चार बाइटांच्या आदेशांचा पूर्ण संच फक्त जेव्हीकडे. लिनक्सच्या तक्त्यात त्या क्रमांकापुढे 'हे आदेश चालतात' अशी खूण पडली आणि एफव्हीवाल्या बोर्डांची पंचाईत झाली. एसपीआयवर चिपेला 'मला हे कळत नाही' असे सांगायची सोयच नाही. अनोळखी आदेश ती मुकाट्याने सोडून देते. दोष दिसतो तो पुढे, वाचताना. २०२० मध्ये दुरुस्ती झाली: एसएफडीपीच्या मथळ्यातली मानकाची आवृत्ती पाहायची, नवी असेल तर जेव्ही, जुनी असेल तर एफव्ही. गिगाडिव्हाइसच्या जीडी२५क्यू२५६ मध्ये तर सी, डी आणि ई अशा तीन पिढ्या एका क्रमांकावर नांदतात, आणि चार तारा चालू करण्याचा बिट सगळ्यांत एका जागी नाही. तिथेही मानकाची आवृत्तीच मदतीला आली.

मग एसएफडीपीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा का? तेही नाही. आयएसएसआयच्या आयएस२५एलपी२५६ या ३२ मेगाबाइटच्या चिपेचा तक्ता सांगतो की मला तीन बाइटांचाच पत्ता कळतो. तसे असते तर तिची निम्मी जागा वाया गेली असती. ड्रायव्हरला तिचे म्हणणे खोडून काढावे लागले.

चिपा करणारे नव्या चिपेला जुनाच क्रमांक का देतात, हेही समजून घेऊ. एखाद्या कारखान्यात हजारो बोर्डांवर जुनी चिप बसते आणि बूटलोडरमधला तक्ता कायमचा गोठलेला असतो. नव्या चिपेचा क्रमांक बदलला तर तो बूटलोडर तिला ओळखणार नाही, उत्पादन थांबेल. म्हणून ग्राहकालाच जुना क्रमांक हवा असतो. ही तडजोड आहे, आणि तिचा फायदा खरेदी विभागाला, तर भुर्दंड ड्रायव्हर लिहिणाऱ्याला. काही उत्पादकांनी मधला मार्ग काढला. स्पॅन्शनच्या एस२५एफएल१२८एस आणि एस२५एफएस१२८एस या दोन्ही ०१, २०, १८ म्हणतात. मात्र पुढे वाचत गेलात तर सहावा बाइट एकीचा ८०, दुसरीचा ८१. गावाच्या नावापुढे बुद्रुक आणि खुर्द लावावे तसे. जुन्याला तीन बाइटांत भागवता येते, नव्याला पुढचे वाचून फरक कळतो.

या सगळ्यातून मी एकच गोष्ट शिकलो, तीच आज सांगायची आहे. क्रमांक हा चिपेचा दावा आहे, पुरावा नव्हे. ड्रायव्हरने दाव्यापासून सुरुवात करावी, पण त्यावर थांबू नये. लिनक्सच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये बोर्डाने सांगितलेले नाव आणि चिपेचा क्रमांक यांत तफावत आली, तर क्रमांकालाच जास्त कळते असे धरून तोच स्वीकारला जाई. तेव्हा ते रास्त होते. आज तेवढ्याने भागत नाही.

म्हणून काही पथ्ये सुचवतो. फरक ओळखायचा तो वाचूनच, लिहून पाहून कधीही नाही. चुकीच्या चिपेच्या रजिस्टरमध्ये टाकलेला एक बिट तिचे भलतेच काही बदलू शकतो. दोन चिपांत फरक करताच आला नाही, तर दोघींना जेवढे येते तेवढेच वापरावे. वेग कमी झाला तरी चालेल, माहिती बिघडता कामा नये. फ्लॅशरॉमला मॅक्रोनिक्सची सी२, २०, १७ अशी चिप दिली की ते साधन एकापेक्षा जास्त नावे पुढे ठेवते आणि यांतली कोणती ते तुम्हीच सांगा म्हणून अडून बसते. साधनाला हे शोभते, कारण समोर माणूस आहे. ड्रायव्हरपुढे मध्यरात्री, कुठल्यातरी टॉवरवर, कोणी नसते. त्याला स्वतःच ठरवायचे असते, म्हणून त्याने सावधपणाकडे झुकावे. आणि नव्या चिपेसाठी तक्त्यात खूण करताना त्याच क्रमांकाची जुनी चिप टेबलावर असलीच पाहिजे. ती नसेल तर खूण थोडी थांबू द्यावी.

हार्डवेअर करणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे. फ्लॅशची रिसेटची तार मोकळी सोडू नका. सुट्या भागांच्या यादीत चिपेचे नाव शेवटच्या अक्षरासकट लिहा, आणि खरेदी विभागाने 'तीच चिप, फक्त नवी' असे म्हटले की ते अक्षर आधी पाहा. आवक तपासणीत प्रत्येक नव्या खेपेतल्या एका चिपेचा एसएफडीपी तक्ता काढून जपून ठेवा. लिनक्समध्ये तो साध्या फाइलसारखा वाचता येतो, दोन मिनिटांचे काम आहे.

तरुणांना एक काम सोपवतो. लिनक्समध्ये नव्या फ्लॅश चिपेची नोंद पाठवायची तर तिचा एसएफडीपी तक्ता आणि चाचण्यांचे निकाल जोडावे लागतात. हा नियम कटकटीचा वाटतो, पण दहा वर्षांनी त्याच क्रमांकाची तिसरी चिप आली की फरक ओळखायला तोच कागद उपयोगी पडणार आहे. आपल्यातले अनेक जण बंगळुरात, पुण्यात, जर्मनीत, कॅलिफोर्नियात रोज हे बोर्ड हाताळतात. तुमच्या खणात पडलेल्या जुन्या बोर्डावर जगातली शेवटची चालू ई आवृत्ती असू शकते. ती भंगारात देण्याआधी तिचा तक्ता काढा आणि नोंदवा.

या परिषदेने आपल्या ठरावांत निदान एवढे घ्यावे, असे मी सुचवतो: चिप बदलल्याची सूचना शेवटच्या अक्षरासह ड्रायव्हर लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचावी, आणि अशा नोंदी सदस्यांनी आपापसांत खुल्या ठेवाव्यात. उत्पादकांनी क्रमांक बदलावेत हे आपल्या हातात नाही. आपल्या बोर्डावर काय बसले आहे हे जाणून घेणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

 आता शोधनिबंधांना सुरुवात होऊ द्या.