दानाचे संगणक

कचेरींतील जुने संगणक झाडूनपुसून एखाद्या वसतिगृहास धाडिले, म्हणजे दान पुरें झालें असें नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें ‘विंडोज १०’चीं नेहमींचीं अद्यतनें, म्हणजे दुरुस्त्या, थांबविलीं. यंत्र तरीहि चालतें, आणि फसगत होते ती येथेंच! वेगळी नोंदणी न केल्यास सुरक्षेचीं नवीं भगदाडें उघडींच राहतात. ‘विंडोज ११’स ‘टीपीएम २.०’ ही सोय लागते. बऱ्याच जुन्या यंत्रांत ती नसते. त्यांवर ‘लिनक्स मिंट २२’ घालावी. ती विनामूल्य असून तिला २०२९पर्यंत अद्यतनें मिळावयाचीं आहेत. मात्र तोकड्या इंटरनेटवर दहा यंत्रें एकदम अद्यतनें ओढूं लागलीं, कीं मुलांचा तास फुकट जातो. तें काम रविवारीं करावें. आणि तें कोण करणार, त्याचें नांव दात्यानें यंत्रासोबतच लिहून द्यावें.