आश्रय दूरचा आणि शेजारचा

(धाराशिव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



पाश्चात्त्य देशांतील निर्वासितांविषयी बोलताना दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. स्वतः सीमा गाठून आश्रयाचा अर्ज करणारा तो आश्रयार्थी. आणि दूरच्या छावणीतून निवडून, विमानाने नेऊन वसविले जाते ते पुनर्वसन. पहिल्यात दार ठोठावणाऱ्याची निकड असते, दुसऱ्यात दार उघडणाऱ्याची मर्जी.

युरोपीय संघात २०१५ साली बारा लाखांहून अधिक नवे अर्ज आले. पुढे ओघ ओसरला, २०२३ मध्ये पुन्हा दहा लाखांवर गेला आणि २०२४ मध्ये सुमारे नऊ लाखांवर उतरला. अमेरिकेने २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे एक लाख निर्वासितांचे पुनर्वसन केले; २०२६ साठी मात्र मर्यादा ठरविली ती अवघी ७,५००. दोन वर्षांत जगाचे दुःख इतके घटले काय? घटली ती मर्जी!

भूतानमधून १९९० नंतर हाकलल्या गेलेल्या नेपाळीभाषकांचेच पाहा. त्यांत बहुसंख्य हिंदू. नेपाळमधील छावण्यांत एक पिढी वाढली. २००७ पासून एक लाखाहून अधिक लोकांचे अमेरिकेसह आठ देशांत पुनर्वसन झाले. त्यांना छप्पर मिळाले, नागरिकत्व मिळाले. परंतु गावाकडची वाट कायमची बंद झाली.

आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या जाचामुळे निजामी राजवटीतील धाराशिवच्या गावांतून कुटुंबेच्या कुटुंबे सीमा ओलांडून मुंबई प्रांतातील बार्शी-सोलापूर भागात गेली. निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार तेव्हा जन्मलाही नव्हता. आधार होता तो सोयरिकीचा, बाजाराच्या ओळखीचा, एका भाषेचा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गात शिरले, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि परतीची वाट मोकळी झाली.

त्यानंतरच्या सूडाच्या लाटेत याच जिल्ह्यातील निरपराध मुस्लिम कुटुंबेही भरडली गेली, हेही इतिहासात नोंदले गेले आहे. घर गमावण्याचे दुःख ज्याने भोगले, त्याने ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ देता कामा नये.

आजही जगातील सुमारे दोन-तृतीयांश निर्वासित शेजारच्याच देशांत राहतात. म्हणून दूरच्या श्रीमंत देशांच्या दयेवर विसंबणे हा उपाय नव्हे. संकटकाळी शेजाऱ्याने दार उघडावे आणि पीडिताला स्वतःच्या घरी निर्भयपणे परतता यावे, हाच खरा उपाय होय. भारतात मात्र निर्वासितांसाठी स्वतंत्र, सर्वंकष कायदा अजून झालेला नाही. त्याचा विचार व्हायला हवा.

१९४८ साली दहा वर्षांचे असलेले आज पंचाऐंशी ओलांडून गेले आहेत. कोणत्या घराने कोणाला ओसरी दिली, परतल्यावर शेताची काय अवस्था होती, हे त्यांच्याकडून आताच लिहून घ्या. सीमेपलीकडच्या ज्या घरांनी आपल्या माणसांना सांभाळले, त्यांची नावे तरी आपल्याला ठाऊक असली पाहिजेत.