कामाचा डबा हाताशी



मागच्या पेरणीआधी आमच्या गटाचं कर्ज महिनाभर लांबलं. बँकेनं ठरावाची प्रत मागितली होती, ईमेल आलाही होता. पण बँकेचे मेल थेट ‘बँक’ नावाच्या फोल्डरमध्ये जावेत अशी सोय मीच केली होती, आणि ते फोल्डर यादीत पार खाली! दोघी-तिघींना बियाण्यासाठी उसनवारी करावी लागली. चूक माझी.

जीमेलमध्ये अशा फोल्डरला ‘लेबल’ म्हणतात. लेबलं नावाच्या अक्षरक्रमानं लागतात, आपल्या गरजेनं नाही. ती ओढून वर नेता येत नाहीत. पण अक्षरांच्या आधी आकडे येतात. म्हणून नावापुढे इंग्रजी आकडा घाला: ‘01 बँक’, ‘02 पंचायत समिती’, ‘03 बचत’. नुसता एक नको, शून्य-एक लिहा. पुढे दहावं लेबल आलं तरी क्रम मोडत नाही. संगणकावर लेबलाशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक करून नाव बदला. आतले मेल कुठंही जात नाहीत.

मिठाचा डबा आपण माळ्यावर ठेवतो का? मग बँकेचा तरी का ठेवायचा? आणि हो, वर आणलेला डबा रोज उघडायचाही!