पोटाचा मार आणि शल्यविशारदाचा संयम



सायकलवरून पडलेल्या मुलाच्या अंगावर कित्येकदा ओरखडाही नसतो; परंतु डाव्या बरगड्यांखालची प्लीहा, म्हणजेच पाणथरी, आतून फाटलेली असू शकते. पूर्वी अशा वेळी पोट उघडून प्लीहा काढून टाकण्याचाच प्रघात होता. १९५२ मध्ये अमेरिकेतील किंग व शूमेकर या शल्यविशारदांनी, रक्ताच्या आजारासाठी प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या बालकांना पुढे गंभीर जंतुसंसर्ग झाल्याचे निदर्शनास आणले. १९६८ मध्ये टोरांटोच्या बालरुग्णालयातील उपाध्याय व सिम्पसन यांनी शस्त्रक्रियेविना बऱ्या झालेल्या मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. मुलांची फाटलेली प्लीहा बहुधा आपोआप भरून येते, हे पुढे सर्वमान्य झाले.

म्हणून डॉक्टर 'तूर्त शस्त्रक्रिया नको' म्हणाले, तर ती हयगय समजू नये. त्या काळात नाडी, रक्तदाब व हिमोग्लोबिन यांवर अहोरात्र लक्ष ठेवले जाते; रक्तस्राव थांबला नाही, तर शस्त्रक्रिया तत्काळ करावीच लागते. अर्थात, ही प्रतीक्षा घरी नव्हे, तर शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी. मार लागल्यावर मूल फिकट पडले, पोट किंवा डावा खांदा दुखू लागला, तर शेक-मालिश करीत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्णालयात नेण्याची घाई आपण अवश्य करावी. शस्त्रक्रियेची घाई मात्र डॉक्टरांना करू नये, एवढीच विनंती.